इटालियन क्रियापदांत जोर कुठे पडतो, आणि त्याने काय काय बदलतं

इटालियनमध्ये तीन शब्द आहेत. [का]पितो म्हणजे ‘मी येऊन टपकतो’. का[पी]तो म्हणजे ‘समजलेलं’. समोरचा ‘कळलं’ म्हणतो तेव्हा हाच शब्द येतो. कापि[तो] म्हणजे ‘तो येऊन टपकला’ किंवा ‘असं असं घडलं’. पहिला आणि तिसरा ‘कापितारे’ या क्रियापदाचे, मधला ‘कापीरे’चा. रोमन लिपीत पहिले दोन हुबेहूब एकसारखे लिहितात. तिसऱ्याच्या शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ असते, एवढाच फरक.

ज्या अक्षरावर जोर पडतो ते इथे चौकोनी कंसात टाकलं आहे, आणि पुढेही तसंच टाकेन. इटालियन छापील पुस्तकांत हा जोर दाखवतच नाहीत. शब्दाच्या अगदी शेवटी जोर असेल तरच रेघ देतात. बाकी ठिकाणी तो वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून चालतात.

मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘बोलतात’मध्ये तुम्ही कुठेही दाब द्या, फार तर बोलणं विचित्र वाटेल, क्रियापद तेच राहील. त्यामुळे इटालियन शिकणारा मराठी माणूस आघाताकडे लहेजा म्हणून पाहतो, ‘नंतर जमेल’ असं म्हणून पुढे जातो आणि क्रियापदांचे तक्ते पाठ करायला बसतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. त्या तक्त्यांत जे अनियमित म्हणून घोकायला लावतात, त्यातलं बरंचसं दोनच गोष्टींवर चालतं: जोर कुठे आहे, आणि ते अक्षर उघडं आहे की बंद.

आधी ‘अक्षर’ म्हणजे काय ते पाहू, कारण इथे देवनागरी आपल्याला चकवते. ‘पार्लो’ (मी बोलतो) आपण ‘पा’ आणि ‘र्लो’ असं लिहितो. उच्चारात मात्र तुकडे पडतात ‘पार्’ आणि ‘लो’. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: का-दे (तो पडतो). द्वित्त असेल तर ते मधोमध फुटतं: काद्-दे (तो पडला). र, ल, म, न यांच्यामागे दुसरं व्यंजन आलं की तेही फुटतं: पार्-लो, कान्-तो, तेन्-गो. उलट प्र, त्र, द्र, क्ल अशा जोड्या फुटत नाहीत, त्या अख्ख्या पुढे जातात: पा-द्रे (वडील), आ-प्रो (मी उघडतो).

स्वरावर संपतं ते उघडं अक्षर, व्यंजनावर संपतं ते बंद. ‘स’ने सुरू होणाऱ्या जोडाक्षराबाबत मात्र शाळेतला नियम एक आणि कान दुसरंच सांगतो. ओळ तोडताना ‘वे-स्तो’ (मी कपडे घालतो) असं तोडायला शिकवतात. उच्चारात ‘वेस्-तो’ असंच ऐकू येतं, कारण ‘वे’ लांबत नाही. क्रियापदांचा हिशेब करताना कानावर विश्वास ठेवावा.

आता लघु-गुरू आठवा. शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलं होतं: दीर्घ स्वराचं अक्षर गुरू, आणि जोडाक्षरामागचं ऱ्हस्व अक्षरही बहुधा गुरूच. इटालियन उच्चाराचा पाया जवळजवळ हाच आहे: ज्या अक्षरावर जोर पडतो ते गुरू असावंच लागतं. अक्षर बंद असेल तर ते आधीच गुरू आहे, काही करावं लागत नाही. उघडं असेल तर स्वर ताणून त्याला गुरू करतात. म्हणून ‘का-दे’मधला ‘का’ लांब आणि ‘काद्-दे’मधला तोकडा. ‘[बे]वे’ म्हणजे पितो, ‘[बेव्]वे’ म्हणजे प्यायला. आपल्या छंदांशी फरक एवढाच की ‘पादे’ असो वा ‘पाद्रे’, द्रमुळे आधीचं अक्षर बंद होत नाही. तिथे ‘पा’ला स्वर ताणूनच गुरू व्हावं लागतं.

द्वित्ताच्या बाबतीत मराठी कानाला आयतं भांडवल आहे. खडा आणि खड्डा, कला आणि कल्ला यांत आपण कधी गोंधळत नाही. हेच भांडवल ‘पार्ले[रे]मो’ आणि ‘पार्ले[रेम्]मो’ या जोडीला कामी येतं. पहिलं भविष्यकाळाचं, ‘आपण बोलू’. दुसरं संकेतार्थाचं, ‘(तसं असतं तर) आपण बोललो असतो’. एका ‘म’ने आश्वासनाचं रूपांतर हळहळीत होतं.

जोर शब्दात कुठे पडतो त्यावरून इटालियन व्याकरण शब्दांना नावं देतं. शेवटच्या अक्षरावर असेल तर ‘त्रोंका’, म्हणजे छाटलेला. शेवटून दुसऱ्यावर असेल तर ‘प्याना’, म्हणजे सपाट. बहुसंख्य शब्द याच वर्गातले. शेवटून तिसऱ्यावर असेल तर ‘झ्द्रुच्चोला’, म्हणजे घसरता. चौथ्यावर गेला की ‘बिस्द्रुच्चोला’, दुप्पट घसरता. नामांच्या जगात इतक्या मागे क्वचितच जावं लागतं. क्रियापदांत हे रोजचं आहे.

वर्तमानकाळाची सहा रूपं घेऊ. [पार्]लो, [पार्]ली, [पार्]ला: मी, तू, तो. मग पार्[ल्या]मो, पार्[ला]ते: आम्ही, तुम्ही. आणि शेवटी [पार्]लानो: ते बोलतात. म्हणजे तिन्ही एकवचनांत आणि ‘ते’मध्ये जोर धातूवर, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये प्रत्ययावर. हे ४-२चं विभाजन एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम झालं, म्हणून इथे जरा थांबू.

नवशिके हमखास अडखळतात ते ‘ते’च्या रूपावर. बहुतेक शब्द सपाट असतात या सवयीने ‘पार्[ला]नो’ असं म्हणून जातात. असं का होऊ नये हे लॅटिनमध्ये पाहिलं की कळतं. लॅटिनमध्ये ‘ते गातात’ला ‘कांतांत’ म्हणत: दोनच अक्षरं, जोर पहिल्यावर. पुढे शेवटचा ‘त’ गळाला आणि टोकाला एक ‘ओ’ चिकटला: [कान्]तानो. अक्षर शेपटाला वाढलं, जोर होता तिथेच राहिला. म्हणजे अशा क्रियापदांत ‘ते’चं रूप बोलताना ‘तो’चं रूप म्हणायचं आणि मागे ‘नो’ लावायचा, इतकं सोपं: [पार्]ला, [पार्]लानो. [आ]बिता (तो राहतो), [आ]बितानो (ते राहतात). ते[ले]फोना, ते[ले]फोनानो. शेवटच्या दोन्ही जोड्यांत बहुवचनाचा जोर शेवटून चौथ्या अक्षरावर गेला, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता खरी अडचण. धातूवर जोर पडतो म्हणजे धातूच्या नेमक्या कुठल्या अक्षरावर? ‘पार्ल’ला एकच अक्षर आहे, तिथे प्रश्न नाही. ‘आबितारे’ (राहणे) आणि ‘कुचिनारे’ (स्वयंपाक करणे) शेजारी ठेवा. दोन्हींचा साचा एकच, पण ‘मी राहतो’ हे [आ]बितो आणि ‘मी स्वयंपाक करतो’ हे कु[ची]नो. मूळ क्रियापद पाहून हे कळत नाही. कोशात बघावं लागतं.

अर्थात कारण आहेच, आणि ते पुन्हा लघु-गुरूचं आहे. लॅटिनचा नियम असा: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्याही मागच्या अक्षरावर. ‘आबितो’चं लॅटिन रूप ‘हाबितो’. त्यातली ‘बि’ ऱ्हस्व, म्हणून जोर मागे सरकला. ‘कुचिनो’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्यातली ‘ई’ दीर्घ, म्हणून जोर तिथेच थांबला. पुढे लॅटिनमधला ऱ्हस्व-दीर्घ हा भेद बोलण्यातून नाहीसा झाला, जोराची जागा मात्र तशीच राहिली. आजचा इटालियन माणूस [आ]बितो म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची एक ऱ्हस्व ‘इ’ पाळत असतो, त्याच्या नकळत.

हाच नियम इटालियनच्या सर्वांत बदनाम गटालाही लागू आहे. इटालियन क्रियापदांचे तीन गट शिकवतात: ‘आरे’वाली, ‘एरे’वाली, ‘ईरे’वाली. ‘आरे’ आणि ‘ईरे’ सरळ आहेत, मूळ रूपात जोर नेहमी तिथेच: पार्[ला]रे, दोर्[मी]रे. ‘एरे’ गटात मात्र दोन घरं एका छपराखाली राहतात. वे[दे]रे (पाहणे), ते[मे]रे (भिणे), दो[वे]रे (करावं लागणे) यांत जोर ‘एरे’वर. [प्रेन्]देरे (घेणे), [लेज्]जेरे (वाचणे), [स्क्री]वेरे (लिहिणे), [क्रे]देरे (मानणे) यांत धातूवर. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे गट होते: एकाचा ‘ए’ दीर्घ, दुसऱ्याचा ऱ्हस्व. दीर्घ होता तिथे जोर त्याच्यावर, ऱ्हस्व होता तिथे एक अक्षर मागे. लिहिताना दोन्ही सारखे दिसू लागले आणि पुस्तकांनी त्यांचा एक गट करून टाकला. खरं तर गट चार आहेत असंच शिकवायला हवं.

अर्थात लॅटिन येणाऱ्यालाही इथे थोडी ठेच लागते, कारण काही क्रियापदांनी मधल्या काळात घरं बदलली. ‘हसणे’ आणि ‘उत्तर देणे’ लॅटिनमध्ये दीर्घ गटात होती, इटालियनमध्ये ती [री]देरे आणि रिस्[पोन्]देरे झाली. ‘पडणे’ आणि ‘जाणणे’ उलट दिशेने गेली: का[दे]रे, सा[पे]रे.

आता ४-२च्या विभाजनाकडे परत. जोर फक्त ऐकू येतो असं नाही. तो स्वरच बदलून टाकतो. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ए’ किंवा ऱ्हस्व ‘ओ’ जोराच्या आणि उघड्या अक्षरात आला की इटालियनमध्ये तो फुटून ‘ये’ किंवा ‘वो’ होतो. दोन्ही अटी एकदम हव्यात. ‘तेनेरे’ (धरणे) हे क्रियापद यावरच चालतं. ‘तू धरतोस’ [त्ये]नी: जोर आहे, अक्षर उघडं आहे, स्वर फुटला. ‘आम्ही धरतो’ ते[न्या]मो: जोर पुढे गेला, ‘ते’ साधाच राहिला. आणि ‘मी धरतो’ [तेन्]गो: जोर आहे, पण ‘न’ने अक्षर बंद केलंय, म्हणून फुटला नाही. ‘वेनीरे’ (येणे) अगदी असंच: [वेन्]गो, [व्ये]नी, [व्ये]ने, वे[न्या]मो, वे[नी]ते, [वेन्]गोनो. तक्त्यात पाहिलं तर हे क्रियापद मनमानी करतंय असं वाटतं. अक्षरं पाडून पाहिलं तर एकही रूप नियमाबाहेर नाही.

‘पोतेरे’ (शकणे) घ्या. ‘मी शकतो’ [पोस्]सो, बंद. ‘तो शकतो’ ‘प्वो’, उघडं आणि जोराचं. ‘तुम्ही शकता’ पो[ते]ते, जोर नाही. ‘मरणे’: [म्वो]रे पण मो[र्या]मो. ‘बसणे’: [स्ये]दे पण से[द्या]मो. काही क्रियापदांत आता हा खेळ संपत आलाय. ‘हलवणे’ आणि ‘वाजवणे’ यांत पूर्वी ‘मो[व्या]मो’, ‘सो[न्या]मो’ म्हणत. आता सगळीकडे ‘वो’च पसरलाय. बोलणाऱ्यांना एकच धातू बरा वाटतो, सगळ्या भाषांत असंच होतं. तेनेरे, वेनीरे, पोतेरे मात्र इतकी वापरातली आहेत की त्यांना सरळ करायला कुणी जात नाही.

काही क्रियापदांत ४-२चं अंतर आणखी रुंद आहे. ‘उश्शीरे’ (बाहेर जाणे): [एस्]को, [एश्]शी, [एश्]शे, पण उश्[शा]मो, उश्[शी]ते, आणि पुन्हा [एस्]कोनो. ‘जाणे’ तर दोन वेगळ्या क्रियापदांची शिवण आहे: [वा]दो, वाय, वा, [वान्]नो एका घरचे, आन्[द्या]मो आणि आन्[दा]ते दुसऱ्या. शिवण कुठे पडली बघा. जिथे जोर धातूवरून प्रत्ययावर जातो, नेमकी तिथेच.

‘ईरे’ गटातल्या बऱ्याच क्रियापदांनी वेगळी वाट काढली. ‘फिनीरे’ (संपवणे): फि[निस्]को, फि[निश्]शी, फि[निश्]शे, फि[न्या]मो, फि[नी]ते, फि[निस्]कोनो. हा ‘इस्क’ कुठून आला? लॅटिनमध्ये तो ‘एखादी गोष्ट सुरू होणे’ अशा अर्थाचा तुकडा होता, तो अर्थ केव्हाच विरला. उरलं ते त्याचं काम. ज्या चार रूपांत जोर धातूवर पडला असता तिथेच तो येतो आणि जोर स्वतःवर घेतो. परिणामी ‘फिन’ या धातूवर वर्तमानकाळात कधी जोर पडतच नाही. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये जोर तसाही प्रत्ययावर असतो, म्हणून तिथे त्याची गरज नाही. ‘फिनिस्कामो’ का म्हणत नाहीत, असा प्रश्न पडला तर उत्तर हे.

भूतकाळाचं एक जुनं रूप आहे. बोलण्यात उत्तर इटलीत ते जवळपास सुटलंय, पण कथा-कादंबऱ्या आणि इतिहासाची पुस्तकं त्यावरच चालतात. नियमित क्रियापदांत त्याचा जोर सतत प्रत्ययावर असतो: पार्[लाय], पार्[लो], पार्[लाम्]मो. म्हणूनच [पार्]लो म्हणजे ‘मी बोलतो’ आणि पार्[लो] म्हणजे ‘तो बोलला’. अनियमितांत मात्र तीन रूपांत जोर धातूवर येतो, आणि धातू फक्त त्या तिघांतच बदलतो: [प्रे]सी, [प्रे]से, [प्रे]सेरो, म्हणजे मी घेतलं, त्याने घेतलं, त्यांनी घेतलं. बाकी तिघांत जोर पुढे जातो आणि धातू निमूटपणे मूळ रूपावर येतो: प्रेन्[देस्]ती, प्रेन्[देम्]मो, प्रेन्[देस्]ते. तेव्हा ‘मी’चं एक अनियमित रूप पाठ केलं की उरलेली पाच मांडता येतात.

भविष्यकाळात अनियमितता उलट बाजूने येते. पार्ले[रो] (मी बोलेन) हे मुळात दोन शब्दांचं: ‘पार्लारे’ आणि ‘ओ’ (‘मला आहे’ या अर्थाचं). ‘मला बोलायचं आहे’ असं म्हणता म्हणता लॅटिनच्या वंशजांनी भविष्यकाळ घडवला. शेवटच्या ‘ओ’ने जोर पळवला आणि आधीचं सगळं दुबळं झालं. प्रमाण इटालियन जिच्यावर बेतली त्या फ्लोरेन्सच्या बोलीत तो दुबळा ‘आ’ घसरून ‘ए’ झाला, म्हणून पार्लारो नाही, पार्लेरो. शेजारच्या सिएनात ‘आ’ बराच काळ टिकून होता. काही क्रियापदांत तर स्वर गळूनच गेला: वेदेरेपासून वे[द्रो], पोतेरेपासून पो[त्रो]. तेनेरे आणि वेनीरेमध्ये स्वर गळल्यावर ‘न’ आणि ‘र’ समोरासमोर आले आणि ‘न’ने शरणागती पत्करली: तेर्[रो], वेर्[रो].

प्रत्यय लागले की जोर सरकतो, पण मागे सर्वनाम चिकटलं तर तो जागचा हलत नाही. [प्रेन्]देरे आणि ‘लो’ मिळून [प्रेन्]देर्लो, ‘ते घेणे’. आज्ञार्थाला दोन-तीन सर्वनामं लावली की जोर बिचारा फार मागे राहतो. [ओर्]दिनामेलो म्हणजे ‘ते माझ्यासाठी मागव’. आणि व्याकरणाच्या पुस्तकांचं लाडकं [फाब्]ब्रिकामिचेलो, ‘ते मला तिथे बनवून दे’: जोर शेवटून सहाव्या अक्षरावर. बाजारात असं कुणी म्हणताना सापडणं अवघड, पण भाषेला ते चालतं.

एकाक्षरी आज्ञार्थांत मात्र गंमत होते. ‘दे’ला ‘दा’, ‘सांग’ला ‘दी’, ‘कर’ला ‘फा’ म्हणतात. यांना ‘मी’ (मला) लावला की होतं [दाम्]मी, [दिम्]मी, [फाम्]मी. हा जादाचा ‘म’ कुठून आला? ‘जोराचं अक्षर गुरू हवं’ हा नियम आठवा. शब्दाच्या टोकाला आलेला जोराचा स्वर इटालियनमध्ये ताणत नाहीत. मग गुरू होणार कसा? पुढच्या शब्दाचं व्यंजन दुप्पट करून. तोस्काना, रोम आणि दक्षिणेकडचे लोक ‘पार्लो बेने’ (तो छान बोलला) हे ‘पार्लोब्बेने’ असंच उच्चारतात. लिहिताना एकच ‘ब’. उत्तरेकडे ही सवय नाही. पण ‘दाम्मी’सारख्या जोडून लिहायच्या शब्दांत हे द्वित्त लेखनातच गोठलं, आणि मग मिलानच्या माणसालाही ते लिहावंच लागतं.

लेखनात उतरलेला आणखी एक नमुना ‘तू’च्या रूपात दिसतो. ‘स्तुद्यारे’ (अभ्यास करणे) याचं ‘मी’ [स्तू]द्यो आणि ‘तू’ [स्तू]दी. शेवटी एकच ‘इ’. ‘इनव्यारे’ (पाठवणे) याचं ‘मी’ इन[वी]ओ आणि ‘तू’ इन[वी]ई. दोन ‘इ’, आणि दोन्ही लिहाव्या लागतात. पहिल्यात धातूची ‘इ’ जोराविना आहे, ती प्रत्ययाच्या ‘इ’मध्ये विरून जाते. दुसऱ्यात जोर तिच्यावरच आहे, तेव्हा तिला विरता येत नाही. स्की करणे (‘शियारे’) आणि हेरगिरी करणे (‘स्प्यारे’) यांचंही असंच.

कोश घेताना प्रत्येक शब्दावर आघाताची खूण देणाराच घ्यावा. इटलीच्या ‘राय’ या सरकारी प्रसारण संस्थेने १९६९ साली ‘दॉप’ नावाचा उच्चारकोशच काढला. तो काढावा लागला, कारण ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या इटालियन निवेदकांनाही छापील मजकुरात जोर दिसत नव्हता.